मोजले कोणी?

२ सप्टेंबर २०२४
पोळा. रात्रभर धो धो. बैल भिजतच दारापुढून गेले. सोयाबीन पाण्यात.
दहा वाजले की हात अजून तिजोरीच्या किल्ल्या शोधतो. ही म्हणाली, "अहो, कुठंतरी जात जा."

७ सप्टेंबर
शाळेतले सर आले. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिदिन. लेकरांना उमरीची बँक सांगा म्हणाले. "तुम्ही बँकेतले, काका." मी कॅशियर, इतिहास कुठला! पण हो म्हणालो.

१० सप्टेंबर
अनंत भालेरावांचं पुस्तक काढलं. ३० जानेवारी १९४८, उमरीतली हैदराबाद स्टेट बँक लुटली. लाखोंची रक्कम, निजामाशी लढणाऱ्या छावण्यांसाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. पैशाचा हिशोब पुढे लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी दिला. इथं थांबलो. लूट पुष्कळांनी केली असेल जगात, हिशोब?

१७ सप्टेंबर
झेंडा, भाषण. बंदुका, धाडस सगळं सांगितलं. मागून एक पोरगी उठली, "काका, एवढे पैसे मोजले कोणी?"
सर हसले. मी नाही.

१८ सप्टेंबर
झोप नाही. निजामाच्या हाली सिक्क्याचा चांदीचा रुपया अकरा ग्रॅमचा. हजाराचे अकरा किलो. लाखाचे अकरा क्विंटल! माणसांच्या पाठीवर? नोटाच असणार बहुतेक. मोजून नेल्या, की नेऊन मोजल्या?

३ ऑक्टोबर
स्वामीजींची जयंती. १९५२, १९५७ ला खासदार. दुसरी मुदत संपली तेव्हा वय अठ्ठावन्न. मी साठीला सुटलो.

१२ ऑक्टोबर
दसरा. मुलाचा पुण्याहून फोन, येऊन राहा. सध्या जमायचं नाही म्हणालो. काम काय, विचारलं. सांगता येईना.

५ नोव्हेंबर
हयातीच्या दाखल्यांचा महिना. बँकेच्या व्हरांड्यात बसतो, फॉर्म भरून देतो. चहा पाजून म्हाताऱ्यांना ३० जानेवारीचं विचारतो. लबाडीच आहे थोडी.
नव्वदीच्या एका आजींचा अंगठा मशीन घेईना. पुसला, पुन्हा ठेवला. शेवटी मोबाइलला चेहरा दाखवला, हयात ठरल्या. "गोळ्या ऐकल्या. मायनं कणगीत दडवलं. मोजायचं काय की बाबा." लिहून घेतलं.

८ नोव्हेंबर
धर्माबादला एकाचे वडील तेव्हा बँकेत कारकून होते म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं जातो.
ही म्हणाली, "जाताच आहात तर मिरची आणा. तिखटाची, देठ काढलेली नको."