१२० रुपयांची गोल्फ-सहल

सहलीची मजा नेमकी कधी सुरू होते, सांगा बरं? गाडीत बसल्यावर? छे! ती सुरू होते सहल ठरवताना. आणि गंमत म्हणजे सगळी भांडणंही तेव्हाच होतात. अशाच एका ठरवाठरवीची ही हकिगत आहे.

साल १९९६. जळगावच्या मेहरूण भागात आमची ११ मुलामुलींची टोळी होती. सगळ्यात मोठा १४ वर्षांचा, सगळ्यात धाकटी ९ वर्षांची. संध्याकाळ झाली की आम्ही मेहरूण तलावाच्या काठी हजर! आमच्या गल्लीत लष्करातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. लष्कराच्या छावणीत त्यांनी गोल्फ पाहिला होता, थोडाफार खेळलाही होता.

"गोल्फ म्हणजे आपल्या विटीदांडूचा लांबचा पाहुणा," ते म्हणायचे. छोटा टणक चेंडू काठीने टोलवायचा आणि दूरवरच्या खड्ड्यात घालायचा. असे १८ खड्डे. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले, तो जिंकला. झालं! आम्ही बांबूच्या वाकड्या काठ्या आणल्या, रबरी चेंडू घेतला आणि तलावाकाठच्या मोकळ्या जागेत ९ खड्डे खणले. मेहरूणचा गोल्फ सुरू!

एकदा काका सांगत होते, की उटी, कोडाईकनाल, गुलमर्ग, शिलाँग अशा थंड हवेच्या ठिकाणी गोल्फची मैदानं आहेत. उटी आणि कोडाईला तर डोंगरात मोठं तळंही आहे. लगेच कुणीतरी विचारलं, "काका, आपल्याजवळ असं गाव कुठलं?"

"तोरणमाळ की!"

सातपुड्याच्या माथ्यावरचं तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. तिथे यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, गोरखनाथांचं मंदिर आहे. गोल्फचं मैदान मात्र नाही. पण आमचं मैदान तर आमच्या काठ्यांबरोबरच फिरत होतं!

मग सुरू झाली ठरवाठरवी. पहिला प्रश्न, जायचं कधी? मोठी मुलं म्हणाली, "मे महिन्यात. तिथे गार असतं." काकांनी पाटीवर गणित मांडलं. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, तोरणमाळ सुमारे ११५० मीटर. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे फरक पडणार सहाएक अंशांचा. जळगावात ४३ असेल, तर तिथे ३७! "मग गार कुठलं?" असं म्हणत आम्ही दिवाळीची सुटी पक्की केली.

दुसरा प्रश्न, जायचं कसं? एक बेत होता भाड्याच्या जीपचा. जीप, जेवण, राहणं धरून माणशी ३०० रुपये. बहुतेकांनी माना डोलावल्या. पण दुसऱ्या दिवशी खेळायला आठच जण आले. एकाला म्हणे गाडी लागते. एकीच्या घरी पाहुणे येणार होते. तिसऱ्याने तर काही कारणच सांगितलं नाही.

माझी आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "जाल तं सगळेच जा पोरंहो, नाहीतं कोनीच जाऊ नका."

काकांना खरं कारण कळलं असावं. त्यांनी आम्हाला गोल्फचा एक नियम सांगितला. समजा, मुरलेला खेळाडू ७२ फटक्यांत खेळ संपवतो आणि नवख्याला ९० लागतात. मग दोघांनी एकत्र खेळायचं कसं? तर नवख्याला १८ फटके माफ! याला हँडिकॅप म्हणतात. (ऑलिंपिकसारख्या मोठ्या स्पर्धेत अशी सूट नसते. २०२१ साली टोकियोत आपली अदिती अशोक फक्त एका फटक्याने पदकाला मुकली आणि चौथी आली.)

"म्हणजे कच्चा लिंबू!" आमच्यातला एकजण ओरडला.

"नाही रे," काका म्हणाले. "कच्च्या लिंबूला आपण नुसतं खेळू देतो, त्याचा हिशेब कुणी धरत नाही. इथे हिशेब पक्का असतो. सूट मिळालेला गडी जिंकूसुद्धा शकतो. आता सहलीलाही हाच नियम लावा बघू."

तो लावायचा कसा? काकांनी अकराही जणांना एकसारखे कागद दिले. प्रत्येकाने घरी विचारायचं आणि आपल्याला जमेल ती रक्कम लिहायची. नाव घालायचं नाही. चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी डबा उघडला. ३००, २५०, ३००, २००... आणि एका चिठ्ठीवर १२०.

काकांनी पाटीवर लिहिलं, १२० गुणिले ११, बरोबर १३२०. "सहल एवढ्याची. बसवा आता."

खरी मजा तर इथून पुढे आली! जीप गेली. जळगाव ते नंदुरबार पॅसेंजर गाडी, मग प्रकाशाजवळ तापी ओलांडून एस.टी.ने शहादा, आणि दुसऱ्या दिवशी शहाद्याहून तोरणमाळ. दोघं जण वेळापत्रक उतरवून आणायला स्टेशनवर आणि एस.टी. स्टँडवर पळाले. बारा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, म्हणून सगळ्यांची वयं वहीत लिहिली. एकीची मावशी शहाद्याला राहायची. तिला पंधरा पैशांचं पोस्टकार्ड गेलं: 'आम्ही १३ जण गच्चीवर झोपलो तर चालेल का?' आठवड्यात उत्तर आलं, 'चालेल, पांघरुणं आणा.' हॉटेल रद्द! त्याऐवजी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. बरोबर काका आणि कॉलेजात शिकणारी एक ताई. त्यांचा खर्च त्यांचा.

आणि गाडी लागणारा मित्र, पाहुण्यांवाली मैत्रीण, गप्प बसणारा तिसरा, सगळे परत खेळायला आले.

तोरणमाळला आम्ही पोचलो तेव्हा स्वेटर घालावा अशी हवा होती. यशवंत तलावापासून थोडं दूर, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी जागा आम्ही शोधली. तिथे खड्डे खणायचे नाहीत, असं आधीच ठरलं होतं. म्हणून जमिनीवर सुतळीची नऊ कडी मांडली. खेळ पक्क्या हिशेबाने झाला. धाकटीला १५ फटके माफ होते. शेवटच्या कड्यात तिचा चेंडू गेला आणि बेरीज केली, तर तीच पहिली! मोठ्यांनी दोनदा बेरीज तपासली. उत्तर तेच आलं.

१२० ची चिठ्ठी कुणाची होती, हे मला आजही माहीत नाही. आम्ही अकराही जण अजून एकमेकांच्या संपर्कात आहोत, पण कुणी कुणाला विचारलेलं नाही.

तुमच्या वर्गाची किंवा सोसायटीची सहल ठरत असेल, तर वर्गणी जाहीर करण्याआधी एकदा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या काढून बघा. आईबाबांनाही हे वाचून दाखवा. आणि हो, तोरणमाळला गेलात, तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ शहाद्यातच विचारून ठेवा!