ओळखीच्यांची टिंगल

किशोरवयीन मुलांच्या देहप्रतिमेविषयी, म्हणजे आपले शरीर कसे दिसते याबद्दल मनात घडत जाणाऱ्या चित्राविषयी, जे लिहिले जाते ते बहुतांशी महानगरातील मुले नजरेसमोर ठेवून; आणि त्यात छळणारा हा खोट्या नावाआड दडलेला कोणी परका असतो, असे गृहीत धरलेले असते. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी हे गृहीतक टिकत नाही. आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासावर शाळा-कॉलेजात येणारी मुले ज्या व्हॉट्सॲप गटात असतात, त्यात परके असे कोणी नसतेच; फोटो काढणारा मागच्या बाकावरचा असतो, त्याखाली शेरा लिहिणारा कदाचित भावकीतलाच, आणि दुसऱ्या दिवशी त्याच एसटीत त्याच्या शेजारी बसावे लागते.

या जिल्ह्याने देहाची जाहीर चर्चा अलीकडेच अनुभवली आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत हातात येऊ लागले, आणि त्यांत शिकणारी मुलेमुलीही होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने नेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. कारण सापडण्याआधीच मात्र 'टक्कल व्हायरस' हे नाव वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचले होते, जणू तो संसर्गच आहे. शरमेपायी अनेकांनी उरलेले केसही उतरवले, मुलांचे शिक्षण खोळंबले, ठरत आलेली लग्ने अडली. पाणी, रक्त आणि धान्य तपासले गेले ते योग्यच. पण कॅमेऱ्यासमोर डोके वाकवून दाखवावे लागलेल्या मुलीच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न आरोग्यखात्याच्या कक्षेत येतो असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलेली 'आरशातील स्व' ही कल्पना येथे उपयोगी पडते: आपण इतरांना कसे दिसत असू याची माणूस कल्पना करतो, त्यावर त्यांचे मत काय असेल याची दुसरी कल्पना करतो, आणि त्यातून स्वतःविषयीचा अभिमान किंवा लाज घडते. आत्मसन्मान, म्हणजे स्वतःच्या मोलाविषयीची आतली खात्री, अशा रीतीने परक्यांपेक्षा ओळखीच्यांच्या नजरेवर अधिक उभा असतो. काळ्या, जाड्या, लुकडी, चष्मिस ही नावे वऱ्हाडातल्या गल्लीत पूर्वीही होतीच, आणि त्या काळाला निरागस म्हणण्याचे कारण नाही. तथापि ती नावे जिभेवर राहत, आणि ठेवणारे व सोसणारे दोघेही मोठे झाले की झिजत. फोटोला जोडलेले नाव झिजत नाही.

शालेय छळाचे अभ्यासक डॅन ओल्व्हेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोघांतील बळाची विषमता. मोबाइलने यातल्या दुसऱ्या लक्षणाचा घोटाळा करून टाकला आहे. पाठवणारा एकदाच पाठवतो, आणि 'एकदाच तर गंमत केली' असे तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पुढे ढकलण्याचे काम इतर करतात, म्हणून पुनरावृत्ती फक्त सोसणाऱ्याच्याच वाट्याला येते.

कायदा येथे तोकडा पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, आणि त्याच्या संदिग्ध शब्दरचनेकडे पाहता ते रास्तच होते. उरलेली कलमे अश्लील चित्रे, खासगी अवयवांचे चित्रण, तोतयेगिरी अशा गुन्ह्यांसाठी आहेत, नाकाडोळ्यांवरून वा रंगावरून केलेली टिंगल त्यांत सहजी बसत नाही. शिवाय तक्रार म्हणजे शेजारच्या घराचे नाव पोलिसांत देणे. त्याहून मोठी अडचण घरातच असते: मुलीने फोनवरचा छळ सांगितला, की पहिला उपाय म्हणून तिचाच फोन काढून घेतला जातो, मग शिकवणी बंद होते, आणि प्रसंगी कॉलेजही. हा हिशेब मुलींना आधीच पाठ असतो, त्यामुळे त्या गटातून बाहेर पडत नाहीत, घरी काही बोलत नाहीत, फक्त फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत सरकतात.