मी दाबलंच नव्हतं

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. नातवाबरोबर टीव्हीसमोर बसलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ब्राँझ जिंकलं, आणि नातू घरभर नाचला. मग मला म्हणाला, "आबा, तुम्ही पण एनसीसीत रायफल शिकवायचात ना? तुमच्या मुलांचा नेम कसा होता?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागली नाही. एक मुलगा डोळ्यांपुढे येत राहिला.

गोष्ट जुनी आहे. धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि एनसीसीही सांभाळायचो. दिवाळीच्या आधी बालाघाटच्या माळावर फायरिंग होतं. पॉइंट टू टूच्या जुन्या रायफली, २५ यार्डांवर टार्गेट, प्रत्येकाला पाच गोळ्या. नववीतला एक मुलगा लेटून नेम धरत होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. पोरगा शांत, हाताचा स्थिर. त्यानं दुसरी गोळी भरून बोल्ट बंद केला आणि त्याच क्षणी बार उडाला. गोळी टार्गेटच्या अलीकडे मातीत.

मी ओरडलो. धीर नाही, बोटावर ताबा नाही, असं बरंच काही बोललो, तेही सगळ्यांसमोर. तो एवढंच म्हणाला, "सर, मी दाबलंच नव्हतं." मला ती सबब वाटली. मी त्याला उठवलं आणि स्पर्धेच्या यादीतून त्याचं नाव खोडलं.

संध्याकाळी उस्तादांनी, म्हणजे आमच्या हवालदारांनी, ती रायफल घेतली. चेंबर रिकामं आहे हे आधी डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून. नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट जरा जोरात बंद केला. खट्ट! चापाला हात न लावता फायरिंग पिन सुटली होती.

मग त्यांनी मला समजावलं. बोल्ट बंद केला की ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर एका लहानशा पोलादी कडेवर अडून राहतो. तिला सियर म्हणतात. चाप ओढला की ती कड बाजूला सरकते आणि पिन सुटते. वर्षानुवर्षं घासून कड गोल झाली, की पकड निसटती होते. मग बोल्टचा नुसता धक्काही पुरतो.

मी म्हटलं, "कानस मारून सरळ करता येईल की." ते हसले. ही कड वरवर कडक केलेली असते, आत लोखंड मऊ. कानस मारली की ती कडक साल जाते आणि कोनही बिघडतो. दोन दिवस बरं चालेल, मग आणखी धोका. भागच बदलायचा, तोही आर्मररनं. त्यांनी रायफलीला चिठ्ठी बांधली आणि बाजूला ठेवली.

एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाला ५०० ग्रॅमचं वजन लावून तपासतात, तेवढा भार सोसूनही तो सुटता कामा नये. ५० मीटर रायफलीला अशी किमान वजनाची अट नाही. तिथे चाप अगदी हलकाही ठेवता येतो, पण हलका वेगळा आणि झिजलेला वेगळा. हलका चाप बोटाचं ऐकतो. झिजलेला कुणाचंच ऐकत नाही.

रायफल निर्दोष नाही हे मला त्या संध्याकाळी कळलं. मुलगा निर्दोष आहे हे सांगायला मात्र दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. टोळी निघाली होती. उन्हाळ्यात परत आला, वर्गात बसला. आता काय उकरून काढायचं, तो विसरला असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. पुढच्या वर्षी त्यानं एनसीसीला नाव दिलं नाही.

शाळेत मी किती मुलांची उत्तरपत्रिका तपासली असेल, हिशेब नाही. पण त्या दिवशी तपासायची होती ती रायफल, आणि मी मुलाला नापास केलं. मूल "मी नाही केलं" म्हणतं तेव्हा ते दर वेळी खरंच बोलतं असं नाही. पण आधी बोल्ट एकदा बंद करून बघायला काय हरकत होती?

सकाळी नातवाला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "आबा, मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?"

"नाही रे," म्हटलं.