खडूचा हिशेब

परवा नात शाळेतून आली ती नाचतच. नववीत आहे, पुण्यात. त्यांच्या शाळेत 'बिझनेस डे' होता. मुलांनी टेबलं मांडायची, काहीतरी करून विकायचं आणि नफा किती झाला ते बाईंना लिहून द्यायचं. हिने आणि हिच्या दोन मैत्रिणींनी भेळ विकली. वीस रुपयांची एक डिश, बत्तीस डिश खपल्या.

"आजी, आम्हाला सहाशे चाळीस रुपये नफा झाला!"

मी म्हटलं, "वा! आणि कुरमुरे कोणी आणले?"

"आईने."

"फरसाण? चिंच-गूळ? कांदे? त्या कागदी डिश?"

"आईनेच. पण आजी, तिने पैसे मागितलेच नाहीत ना!"

सूनबाई स्वयंपाकघरातून हसल्या. मी मात्र मास्तरीण. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खोड जात नाही. वाण्याचं बिल मागवलं, कागद-पेन्सिल घेतली आणि दोघी बसलो. सामान पाचशे दहा रुपयांचं निघालं. म्हणजे नफा एकशे तीस. तिघींत वाटला तर प्रत्येकी त्रेचाळीस आणि एक रुपया उरतो. नातीचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. "तू ना आजी, सगळ्याची मजा घालवतेस," असं म्हणून ती उठून गेली.

रात्री मला झोप लागेना. भेळेमुळे नव्हे. चाळीस वर्षांपूर्वीचा दुसरा एक हिशेब डोक्यात फिरत होता. तो आज लिहून टाकते.

मी मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झाले. व्यापाराशी माझा संबंध काय? वडील पोस्टात, सासरे शाळेत, यजमान बँकेत. आमच्याकडे 'धंदा' हा शब्दच जरा आवाज खाली करून म्हणत. एखाद्या मुलाने नोकरी सोडून दुकान टाकलं तर 'त्याचं काही खरं नाही' असा सूर. (सासरची मंडळी हे वाचतीलच. तुम्हाला कोणाबद्दल ते बरोबर कळेल!) गणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याची उदाहरणं असायची, पण त्या पुस्तकातल्या व्यापाऱ्याची उधारी कधी बुडत नसे, त्याचे आंबे कधी सडत नसत. शेकडा किती नफा, एवढीच त्याला काळजी.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माझी नोकरी झाली. १९८४ साली आमच्या मुख्याध्यापकांनी नववी-दहावीचा कार्यानुभव माझ्या गळ्यात घातला. कारण एकच, दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. कोठारी आयोगाने १९६६ साली ही कल्पना मांडली, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने तिला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं, आणि शाळांनी तिचं काय केलं? शुक्रवारचे शेवटचे दोन तास! मुलांनी कागदी फुलं करायची, सुतळीचं पायपुसणं करायचं, शेऱ्यात 'अ' घ्यायचा. पायपुसणं घरून आजीने केलेलं असलं तरी 'अ'च.

आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांच्या हाती फावडं देऊन त्यांना शिकवलेलं. 'कमवा आणि शिका' म्हणजे काय ते इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यामुळे पायपुसण्याची मला जरा लाजच वाटायची. शिवाय इतिहासाची बाई म्हणून मी मुलांना किर्लोस्करवाडी दाखवून आणली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. बढती डावलली म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात. सन १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा राहिला तो त्यानंतर. परत येताना एसटीत एका मुलाने विचारलं, "बाई, नांगर खपत नव्हता तेव्हा ते खात काय होते?" मला उत्तर देता आलं नाही. पण मनात आलं, हा प्रश्न धड्याखाली का नसतो?

तर मी ठरवलं, आपण खडू करायचे आणि खरेच विकायचे. मुख्याध्यापकांना म्हटलं, शाळा बाजारातून खडू घेतेच, ते आमच्याकडून घ्या. चांगले नसले तर परत करा. ते म्हणाले, "परत करीन हो बाई, मग रुसायचं नाही." भांडवल म्हणून माझ्या पगारातले दोनशे रुपये घातले. घरी सांगितलं नाही.

खडू करणं दिसतं तितकं सोपं नाही. साच्याला आधी रॉकेल आणि गोडंतेल मिसळून बोट फिरवायचं, नाहीतर खडू सुटत नाही. प्लॅस्टर पाण्यात कालवायचं, गुठळी राहता कामा नये, आणि लगेच ओतायचं. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. बादलीत शिल्लक राहिलं तर बादली गेली. आमच्या दोन गेल्या. पहिल्या घाण्यातले निम्मे खडू फळ्यावर लिहिताना मोडले. मुख्याध्यापकांनी खरंच परत पाठवले. मुलं रुसली, मीही रुसले. पण दुसऱ्या खेपेला मुलांनी पाण्याचं माप ठरवून घेतलं, ते मी कितीही ओरडून झालं नसतं.

हिशेबाची वही आणि कपाटाची किल्ली मी नववीतल्या एका मुलाकडे दिली. त्याचं नाव लिहीत नाही. वर्गात त्याला सगळे हिशेबनीस म्हणत, मीही तेच म्हणते. वडील हातगाडीवर रद्दी-भंगार गोळा करत. अभ्यासात बेताचा, शुद्धलेखनात तर आनंदच. पण आकडा कधी चुकायचा नाही. महिन्याभरात तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "बाई, खडूच्या निम्मे पैसे तर खोकंच खातंय." आम्ही शंभर खडूंची खोकी तालुक्याहून विकत आणत होतो. मला हे सुचलंच नव्हतं! पुढच्या आठवड्यात त्याने वडिलांच्या गाडीवरचे जुने पुठ्ठे आणले, एक खोकं उलगडून त्याचा कागदावर आकार काढला, आणि मुलं खळ लावून खोकी करायला बसली. खोक्याचा खर्च पाव हिश्शावर आला. तीन रुपयांना एक खोकं आम्ही गावातल्या इतर शाळांना विकू लागलो. माझे दोनशे रुपये परत मिळाले, साच्याचे पैसे फिटले. मी हवेत होते.

सहामाहीच्या आधी त्याने स्वतःहूनच माल मोजला. दोनशे दहा खोकी केली होती, एकशे सत्तर विकल्याची नोंद, कपाटात हवीत चाळीस. होती चोवीस.

"बाई, पैसे बरोबर आहेत. माल कमी आहे. सोळा खोकी."

हे त्याने मला भर वर्गात सांगितलं, कारण चोरून सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मी विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?" तो म्हणाला, "माझ्याकडे." मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "रद्दीत गेली असतील." सगळा वर्ग हसला.

मी त्या मुलाला उभं केलं नाही. दटावलं नाही. मी हात पुढे केला आणि हिशेबनीसाकडून किल्ली आणि वही मागून घेतली. बस, एवढंच. चोर म्हटलं नाही. म्हणायची गरज उरली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी माझ्याकडे आले आणि माझ्या हातावर अठ्ठेचाळीस रुपये ठेवले. "बाई, उशीर झाला. तुम्ही त्या शनिवारी दिली होतीत ना सोळा खोकी उधारीवर." मला तेव्हा आठवलं. सकाळची शाळा सुटली होती, मुलं गेली होती, दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मीच कपाट उघडून दिलं होतं आणि वहीत लिहायचं राहिलं होतं.

मी काय केलं? वहीत नोंद केली, 'जि. प. शाळा, १६ खोकी, उधारी वसूल, रु. ४८'. वर्गात काही बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता वर्ष संपलं. किल्ली तोवर दुसऱ्याकडे गेली होती. तो मुलगा शुक्रवारी येऊन गप्प खोकी चिकटवायचा. १९८६ मध्ये दहावी झाला आणि गेला.

पुढे मी पुष्कळ वर्षं हा तास घेतला. दुसऱ्या एका तुकडीतल्या मुलीने मेणबत्त्यांचा जोडधंदा उभा केला. भारनियमनाच्या दिवसांत तिला हात पुरत नसत, मग घरोघरी इन्व्हर्टर आणि चार्जिंगचे दिवे आले आणि तो बसला. तिला मी कधी अपयशी म्हणणार नाही, तिने सगळ्यांची देणी फेडून कुलूप लावलं. पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल तेव्हा ऐकत होते. डॉ. कलबागांनी १९८३ साली तो काढला, तिथे मुलं हाताने कामं करत शिकतात, गावाला लागणाऱ्या सेवा देऊन पैसेही मिळवतात. अलीकडे दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना व्यवसायासाठी प्रत्येकी दोन हजार रुपये भांडवल दिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कामं शिकवायची म्हटलंय. चांगलंच आहे. फक्त आईने फुकट आणलेल्या कुरमुऱ्यांवर भागवू नका, एवढं माझं म्हणणं. आणि शिकवणाऱ्यांना आधी वही लिहायला शिकवा. हे मी अनुभवाने सांगते.

२०२३ मध्ये त्या तुकडीचा मेळावा झाला. मलाही गाडी पाठवून नेलं. हिशेबनीस आला होता. केस पांढरे, चष्मा. औद्योगिक वसाहतीत त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे, बावीस माणसं कामाला आहेत. भाषणात त्याने मला व्यासपीठावर उभं केलं आणि म्हणाला, "खोकं महाग पडतंय हे मी पहिल्यांदा बाईंच्या तासाला शिकलो." टाळ्या पडल्या. मला मान वर करवेना.

जेवणाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, मला तुला एक सांगायचंय. ती सोळा खोकी..."

"माहीत आहे बाई."

"काय माहीत आहे?"

"तुम्हीच दिली होतीत. नवीन मुलाला बेरीज जमत नव्हती म्हणून त्याने जानेवारीत वही माझ्याकडे आणली होती. तुमच्या अक्षरातली नोंद पाहिली मी."

"मग बोलला का नाहीस रे?"

तो ताटातली जिलबी मोडत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

मी त्याची माफी मागितली. तो घाईघाईने "बाई, असं काय" वगैरे म्हणाला, पण 'काही नाही त्यात' असं म्हणाला नाही. ते मला बरं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाला, आपल्या गोदामातून चलन फाडल्याशिवाय एक खोकं बाहेर जात नाही, सख्ख्या भावाला दिलं तरी नाही. आणि माल कमी भरला तर किल्लीवाल्या माणसाला चारचौघांत विचारायचं नाही, आधी आपला खिसा तपासायचा. "हे पण तुमच्याच तासाला शिकलो," असं म्हणून हसला. त्या हसण्यात काय होतं ते मला अजून नीट लावता आलेलं नाही.

नातीला सकाळी हे सगळं सांगितलं. तिने आपली वही काढली, आईच्या नावावर पाचशे दहा रुपये देणे मांडले, आणि 'उरलेले कुरमुरे, अर्धा किलो' असंही खाली लिहिलं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काल हिशेबनीसाला फोन करून विचारलं, हे लिहू का? म्हणाला, "लिहा. नाव नको, गिऱ्हाईकं वाचतात. आणि बाई, आकडे तेवढे बरोबर घाला." म्हणून पुन्हा लिहिते: केली २१०, विकली १७०, कपाटात २४, मी दिली १६. दोनदा ताळा करून पाहिला आहे.