आरशातला माणूस

चांदणी चौकातून पहाटे निघालेला सात-आठ मोटरसायकलींचा गट पौडच्या दिशेने लागला, की रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेणारे लोक सर्वांत पुढच्या गाडीकडे बघतात. गटात मुरलेले लोक शेवटची गाडी शोधतात. पुढच्याला लीड म्हणतात, शेवटच्याला स्वीप. सह्याद्रीत ट्रेक करत मोठी झालेली मंडळी याच माणसाला बॅकलीड म्हणतात, आणि पुण्या-मुंबईच्या बाईकगटांत अशी मंडळी पुष्कळ असतात. स्वीपच्या बॅगेत पंक्चरचं सामान, हवेचा पंप, क्लचची जादा केबल, प्रथमोपचाराची पेटी. तो गटातल्या कुणालाही मागे टाकत नाही. कुणी थांबला की तो थांबतो. बाकी सगळ्यांनी दिवसभर कितीही सुंदर डोंगर पाहिले, तरी याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळ सहकाऱ्यांचे टेललाइट असतात.

गटाने मोटरसायकल चालवणं ही स्वतंत्र विद्या आहे. एकट्याने हजारो किलोमीटर केलेला उत्तम चालकही पहिल्यांदा गटात येतो तेव्हा गोंधळतो, कारण तिथे त्याला दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या असतात: स्वतःचा रस्ता आणि आरशातला माणूस. पुढच्याच्या मागे धावायचं नाही, मागच्याला हरवू द्यायचं नाही, हा या विद्येचा गाभा. आरशात मागचा दिवा दिसेनासा झाला तर वेग कमी करायचा. तरीही दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. आपण थांबलो की आपल्या पुढच्याला आपण दिसत नाही, म्हणून तोही थांबतो. असं करत करत, कुणीही फोन न लावता, काही मिनिटांत शेवटच्या गाडीचं पंक्चर लीडपर्यंत पोहोचतं. घाटात मोबाइलची रेंज जाते, हेल्मेटमधले इंटरकॉम वळणापलीकडे तुटतात. ही आरशांची साखळी मात्र तुटत नाही. इंटरकॉम उपयोगाचे आहेतच, पण त्यांच्या भरवशावर आरसा बघायची सवय सुटलेले गट ताम्हिणी घाटात विखुरतात.

फाट्यांवरही हाच नियम. गट सरळ जाणार नसेल, तर वळणाऱ्या प्रत्येकाने मागचा माणूस आपल्याला बघेपर्यंत फाट्यावर थांबायचं आणि मगच पुढे निघायचं. माणगावला महामार्ग ओलांडून म्हसळ्याकडे जाताना, ट्रक आणि एसटींच्या गर्दीत, हा नियम पाळणारा आणि न पाळणारा गट लगेच ओळखू येतो.

पुण्याहून हरिहरेश्वर ताम्हिणीमार्गे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरात रस्ता इतक्या वेळा स्वभाव बदलतो, की गटात नव्याने येणाऱ्याला शिकण्यासाठी याहून चांगली वाट मिळणं कठीण. आधी शहर सुटतं, मग मुळशीचा जलाशय लागतो. टाटांच्या वीजप्रकल्पासाठीच्या याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. पाणी ज्या उंचीवरून खाली येतं, साधारण तेवढीच उंची गटालाही उतरायची असते, फक्त वळणावळणाने. निघण्याआधी टाकी भरायची ती शहरातच. पौड सोडलं की पेट्रोलपंप विरळ होतात, आणि एका गाडीचं पेट्रोल संपणं म्हणजे आठही गाड्यांचा खोळंबा.

सरळ रस्त्यावर गट नागमोडी रचनेत चालतो. लीड रस्त्याच्या आपल्या भागात उजवीकडे, दुसरा थोडा मागे डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे. शेजारच्या रांगेतल्यापासून एक सेकंद, आपल्या सरळ पुढच्यापासून दोन सेकंद. हे अंतर मीटरमध्ये सांगत नाहीत, सेकंदांत सांगतात, याला कारण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक दाबल्याचं डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंतच ते १७ मीटर संपलेले असतात. दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. रस्ता ओला असेल तर दुप्पट अंतर ठेवावं. पुढच्याने विजेच्या एखाद्या खांबाला मागे टाकलं की मनात मोजायला सुरुवात करायची, एवढं सोपं आहे ते.

गावातला गतिरोधक आला की याच गणिताची परीक्षा होते. ताशी ६० ला ३३ मीटर असलेलं दोन सेकंदांचं अंतर २० च्या वेगाला ११ मीटर होतं. गाड्या जवळ येतात. गतिरोधक ओलांडून पुढचे वेग घेऊ लागले की हे अंतर पुन्हा ताणलं जातं, आणि ते तसंच ताणलं गेलं पाहिजे. नवख्याला मात्र आपण मागे पडतोय असं वाटतं. तो मूठ पिळतो. त्याच्या मागचा त्याहून जास्त पिळतो. स्प्रिंगसारखी ही ओढ शेवटच्या गाडीपर्यंत वाढत जाते, आणि लीड शांतपणे ६० ने चाललेला असताना शेपटाकडची माणसं ८० ने पळत असतात. लीडला याचा पत्ताही नसतो. म्हणून जाणता लीड गाव संपलं तरी लगेच वेग घेत नाही. शेवटचा दिवा गतिरोधकाच्या अलीकडे खाली बसून पलीकडे वर आलेला आरशात दिसला, की मग मूठ उघडतो.

नवख्याची जागा कोणती, या प्रश्नावर गटाची समज कळते. पुष्कळ ठिकाणी त्याला शेवटी ठेवतात: हळू चालवतोय, येईल मागून. याहून वाईट जागा नाही. त्या स्प्रिंगचा सगळा ताण त्याच्याच वाट्याला येतो. नवख्याने लीडच्या लगेच मागे असावं. तिथे त्याला लीडने वळणासाठी निवडलेली रेघ दिसते, ब्रेक कुठे लावला ते दिसतं, आणि लीडलाही त्याच्या कुवतीप्रमाणे वेग ठरवता येतो. १०० सीसीची स्प्लेंडर घेऊन आलेला कॉलेजचा मुलगा आणि चौपट ताकदीची गाडी असलेला माणूस एकाच गटात सुखाने जाऊ शकतात, फक्त स्प्लेंडर दुसऱ्या क्रमांकावर हवी. मोठ्या गाडीवाल्याला हा वेग कंटाळवाणा वाटत असेल, तर त्याने त्या दिवशी एकटं जावं. तेही चांगलंच असतं.

घाट लागला की लीड डावा हात वर करून एक बोट दाखवतो. नागमोडी रचना मोडून सगळे एका रांगेत येतात, कारण वळणात प्रत्येकाला रस्त्याच्या आपल्या भागाची पूर्ण रुंदी लागते. बहुतेक खुणा डाव्या हाताने होतात. उजवा मुठीवर अडकलेला असतो. त्यामुळे उजवीकडचा खड्डा दाखवायला उजवा पाय बाहेर काढतात. तळहात खाली करून हलवला तर वेग कमी, टाकीकडे बोट दाखवलं तर पेट्रोल. निघण्यापूर्वी दहा मिनिटं उभ्या-उभ्या हे बोलून घेणं नवख्यांइतकंच जुन्यांसाठीही गरजेचं असतं, कारण प्रत्येक गटाच्या खुणा थोड्या वेगळ्या.

ताम्हिणीतली वळणं नुसत्या धाडसाने निघत नाहीत. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, गिअर आधी उतरवायचा, आणि नजर वळण जिथे उघडतं तिथे ठेवायची. मोटरसायकल नजरेमागे जाते. खड्ड्याकडे पाहत राहिलं तर खड्ड्यात जाते, दरीच्या कठड्याकडे पाहिलं तर कठड्याकडे. उजव्या वळणात उजवी मूठ किंचित पुढे ढकलली की गाडी उजवीकडे झुकते. ही गोष्ट सांगून पटत नाही, मोकळ्या रस्त्यावर करून पाहिली की लगेच पटते. आपल्याकडे डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण जास्त सांभाळावं लागतं. चाकं मधल्या पट्ट्याच्या आत असली, तरी झुकलेल्या चालकाचं डोकं पट्ट्यापलीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत गेलेलं असू शकतं. म्हणून उजव्या वळणात डाव्या कडेने शिरावं. पलीकडचंही जास्त दिसतं.

पुढच्याने ओव्हरटेक केला म्हणून मागच्याने करायचा नाही. म्हसळ्याच्या वाटेवर चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढावर रांगत असतो. लीडला दिसलेला मोकळा रस्ता तीन सेकंदांनी मोकळा राहत नाही. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहून, आपल्या वेळेला जायचं. पुढे गेलेल्याने मात्र ट्रकसमोर लगेच रेंगाळू नये, मागच्यासाठी जागा करून द्यावी. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. हा आपल्या वाहतूक नियमांतलाच भाग आहे, पण उतारावरून झेपावणाऱ्या गटांना त्याची आठवण करून द्यावी लागते.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणं ही जुनी खोड. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि नेमका हवा असतो तेव्हा लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनालाच गाडी रोखू द्यायची. गटात नव्या-जुन्या गाड्यांची सरमिसळ असते, हेही लक्षात ठेवावं लागतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या कित्येक गाड्यांचं चाक ओल्या पानांवर, रस्त्यावर वाहून आलेल्या तांबड्या मातीवर किंवा मासळीच्या टेम्पोतून सांडलेल्या पाण्यावर अडकून घसरू शकतं. आणि गाड्या हौसेने अदलाबदल करायच्या तर पार्किंगमध्ये कराव्यात, घाटात नव्हे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. संकटात पाय सवयीच्या जागीच जातो.

एवढं सगळं सांभाळताना निसर्ग कधी पाहायचा? थांबून. यावर तडजोड नाही. दिवेआगरहून शेखाडी, आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता कित्येक ठिकाणी समुद्राच्या अगदी कडेने जातो, आणि तिथे लीडने मनावर दगड ठेवून नव्हे तर मोकळ्या मनाने वारंवार थांबावं. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे बघायला शनिवार-रविवारी इतकी गर्दी लोटते की प्रशासनाला निर्बंध घालावे लागतात; गटासाठी तो काळ चांगला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी चाललेली असते, ओढ्यांना पाणी असतं, डांबर कोरडं असतं. कुठे कुठे कापलेलं भात आणि पेंढा रस्त्याकडेलाच पसरलेला असतो. त्याच्या बाजूने हळू जावं, ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला रस्ता सावित्रीच्या खाडीशी संपतो. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचा इथला पूल वर्षानुवर्षं रखडला, आणि पलीकडे वेश्वीला जायला गाड्या वाहणारी बोट असते. कोकणात तिला जंगल जेटी म्हणतात. दाभोळ-धोपावे मार्गावर अशी सेवा २००३ पासून आहे. दिवसातली सर्वांत बिकट तीस फुटं बहुधा इथेच असतात: ओहोटीला उघडा पडलेला शेवाळी उतार आणि पुढे बोटीचा लोखंडी पत्रा. इथे पुढचा ब्रेक विसरायचा, पहिल्या गिअरमध्ये सरळ जायचं, दोन्ही पाय खाली सोडायला तयार ठेवायचे. एक गाडी पूर्ण चढून लागेपर्यंत दुसरीने हलायचं नाही. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभं राहायचं. समोर बाणकोटचा किल्ला दिसतो, जो इंग्रजांनी घेतला आणि ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. बोटीवरच्या या वेळेचा जाणत्या गटात एक उपयोग असतो. सकाळपासून स्वीप असलेल्या माणसाला मधली जागा देऊन दुसरा स्वीप ठरवतात, कारण इतरांपेक्षा तो अधिक दमलेला असतो, आणि स्वतः ते सांगत नाही.

खाडीपलीकडे नाना फडणवीसांचं वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणामुळे आता ते महाराष्ट्रभर माहीत झालंय. उन्हाळ्याच्या तोंडाशी कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा तिथे माणसांची गर्दी होते. पुढे केळशी. दोन्हीकडे गडगे, आत नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये जेमतेम एका गाडीची गल्ली. समोरून एसटी आली तर आठ मोटरसायकलींना मागे सरकायला जागा नसते, आणि आठ इंजिनांचा आवाज त्या गडग्यांमध्ये फारच मोठा होतो. सायलेन्सर बदलून घेतलेल्या गाड्यांना तर अशा गटात घेऊच नये. कायद्यालाही ते मान्य नाही आणि दुपारी पडलेल्या गावालाही नाही. गावाबाहेरच चार-चारचे दोन भाग करावेत आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून आत शिरावं. मागच्या चौघांना रस्ता माहीत असलेला एकजण त्यांच्यातच हवा. ज्या घरी जेवण सांगितलं असेल, तिथल्या काकूंना मोदक आणि भाकऱ्या दोन पंगतींना कराव्या लागतील, हे त्यांना आदल्या दिवशीच फोन करून सांगायचं काम लीडचं.