गोंदियाचा प्रतापगड आणि मुलांची राष्ट्रसभा

महाराष्ट्रांत प्रतापगड हें नांव उच्चारलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें जावळीचें खोरें, भवानीचें देऊळ आणि १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट हींच उभीं राहतात. त्या भेटीपूर्वीं पंताजी गोपीनाथ व कृष्णाजी भास्कर या दोन वकिलांच्या फेऱ्या झाल्या होत्या, हेंहि इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतें. मी ज्या प्रतापगडाविषयीं लिहिणार आहें तो मात्र महाराष्ट्राच्या अगदीं दुसऱ्या टोकास, गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, आहे. पुण्या-मुंबईकडील फारच थोड्या घरांत त्याचें नांव पोंचलें असेल. तथापि वकिली, म्हणजे जुन्या अर्थानें एका राज्याच्या वतीनें दुसऱ्याशीं बोलणें करण्याची विद्या, मुलांस शिकवावयाची असेल तर हा दुसरा प्रतापगड पाहून यावा, असें माझें मत झालें आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख.

गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग पूर्वीं लहान रुळांचा होता. आतां त्यावर मोठ्या गाड्या धांवतात. सौंदड मागें टाकून अर्जुनीस उतरावें आणि पुढें मोटारीनें जावें. हा प्रदेश तळ्यांचा आहे. कोहळी समाजानें पिढ्यान् पिढ्या बांधलेले तलाव आणि बोड्या येथें पावलोपावलीं भेटतात, आणि त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात. या सर्वांत थोर तो नवेगांवचा बांध. तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोळू पाटील कोहळी यांनीं बांधिला असें सांगतात. मारुती चितमपल्ली यांचीं पुस्तकें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस नवेगांवच्या पांखरांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तेथून पुढें गोठणगांवाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहाचें विस्तीर्ण धरण लागतें आणि मग प्रतापगडाचा डोंगर दिसूं लागतो. मी गेलों तेव्हां माघ महिना होता. पळसाला कळे धरले होते, आणि महाशिवरात्रीस अद्यापि आठ-दहा दिवसांचा अवकाश होता.

डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि शंकराचें स्थान आहे. त्याच परिसरांत ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नांवाचा दर्गा आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. या यात्रेचें वैशिष्ट्य असें कीं, शंकराच्या दर्शनास आलेला यात्रेकरू दर्ग्यावरहि माथा टेकतो, आणि त्यांत आपण कांहीं विशेष करीत आहोंत असें त्यास वाटत नाहीं.

परंतु मला तेथें नेलें तें या दोहोंनीं नव्हे. प्रतापगड व गोठणगांव यांच्या परिसरांत १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. तिचें नांव नोर्ग्येलिंग. कर्नाटकांतील बैलकुप्पे व मुंडगोड किंवा छत्तीसगडांतील मैनपाट येथील वसाहती अनेकांनीं पाहिल्या असतील. आपल्या महाराष्ट्रांतहि तशी एक आहे हें मात्र पुष्कळांस नवीन वाटेल. धानाच्या बांध्यांमागें एकाएकीं मठाचें शिखर दिसतें, दोरीवर ओंवलेल्या रंगीत पताका वाऱ्यावर हलतात, आणि वाटेनें जाणारी वृद्ध बाई हातांतील जपमाळ ओढीत मंद हंसते. नागपुरास थंडीच्या दिवसांत लोंकरीचे कपडे विकणारीं तिबेटी कुटुंबें आपण पाहतों. तीं अशाच वसाहतींतून आलेलीं असतात. योगायोग असा कीं, ज्याच्या यात्रेस आपले लोक येथें येतात त्या शंकराचें कैलास हें हिमालयापलीकडील घर याच लोकांच्या देशांत आहे. कैलासाकडील माणसें शंकराच्याच एका डोंगराच्या पायथ्याशीं येऊन राहिलीं!

वसाहतींतील एका वृद्ध गृहस्थांनीं मला आपल्या ओसरीवर बसवून चहा दिला. त्यांची मराठी झाडीच्या वळणाची होती. मी कोण, काय करतों, हें त्यांनीं विचारलें. निवृत्तीनंतर मी शाळेच्या मुलांची एक राष्ट्रसभा भरवितों, तींत एकेक मूल एकेका देशाचा वकील होऊन बोलतें, असें मी सांगितलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग गुरुजी, आमच्या बाजूनं कोण बोलतो?" प्रश्नांत तक्रार नव्हती, केवळ जिज्ञासा होती. त्या प्रश्नामुळेंच परत आल्यावर पुढच्या सभेचा विषय ठरला.

ही सभा म्हणजे काय, तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हां अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठांत विद्यार्थी त्याची प्रतिकृति करून वादविवाद करूं लागले. १९४५ नंतर राष्ट्रसंघाच्या जागीं संयुक्त राष्ट्रसंघ आला आणि हा पाठ जगभर पसरला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या अनेक शाळांत तो आज चालतो. पण बहुधा इंग्रजींत, बऱ्यापैकीं वर्गणी घेऊन आणि गळ्यांत कंठबंध बांधून. माझी सभा मराठींत असते. तीस लागतें तें एवढेंच: एक मोठी खोली, एक घंटा, जगाचा नकाशा आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलीं देशांचीं नांवें. महिनाभर आधीं मुलांना देश वांटून द्यावयाचे. प्रत्येकानें आपल्या देशाची बाजू एका पानांत लिहून आणावयाची. मग दोन दिवस अध्यक्षाच्या अनुज्ञेनें भाषणें, प्रश्न, खासगी खलबतें, ठरावाचा मसुदा, दुरुस्त्या आणि शेवटीं मतदान.

यांत नियम एकच कडक आहे. मुलानें स्वतःचें मत बोलावयाचें नाहीं. ज्या देशाचें आसन मिळालें त्या देशाचें बोलावयाचें. कौटिल्यानें दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याला सर्व अधिकार दिले आहेत तो निसृष्टार्थ, ज्याला ठराविक मर्यादेंत बोलावयाचें आहे तो परिमितार्थ, आणि जो केवळ निरोप पोंचवितो तो शासनहर. आमचीं मुलें परिमितार्थ दूत होत. आपल्या न्यायशास्त्राची शिस्तहि हीच आहे: पूर्वपक्ष असा मांडावा कीं प्रतिपक्षानेंहि म्हणावें, आमचें म्हणणें याहून चांगलें आम्हांस मांडतां आलें नसतें. वाद, जल्प व वितंडा यांतील भेद मी मुलांस पहिल्याच दिवशीं सांगतों. सत्य शोधण्यासाठीं बोलणें तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच नसतां दुसऱ्याचा मोडणें ती वितंडा. म्हणून गुण देतांना वक्तृत्वास कमी, तयारीस व विचारलेल्या प्रश्नाच्या सरळ उत्तरास अधिक, असा माझा हिशेब असतो.

आतां तिबेटचा प्रश्न. १९५० च्या नोव्हेंबरांत तिबेटनें संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. ती सभेपुढें आणण्यासाठीं उठला तो मध्य अमेरिकेंतील एल साल्वाडोर हा देश. आपले गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे मिळून होतील त्याहूनहि आकारानें लहान. भारताचे प्रतिनिधि नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी होते. शांततेनें तोड निघेल अशी आशा व्यक्त करून त्यांनीं विचार लांबणीवर टाकण्यास पुष्टि दिली, आणि प्रश्न तहकूब झाला. १९५४ सालीं भारत व चीन यांचा पंचशील करार झाला. त्यांत आपल्या यात्रेकरूंना कैलास-मानसास जाण्याची सोयहि नमूद होती. १९५९ च्या मार्चअखेर दलाई लामा सरहद्द ओलांडून भारतांत आले. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला आयर्लंड व मलाया यांनीं मांडलेला ठराव आमसभेंत संमत झाला: अनुकूल ४५, प्रतिकूल ९, तटस्थ २६. त्या सव्वीसांत ब्रिटन होतें, आणि भारतहि होता. १९६१ च्या दुसऱ्या ठरावांत स्वयंनिर्णयाचा हक्क प्रथमच स्पष्टपणें नमूद झाला. त्यासहि भारतानें मत दिलें नाहीं. १९६५ च्या तिसऱ्या ठरावाला मात्र भारतानें अनुकूल मत दिलें, आणि त्या वेळीं भारतातर्फें बोलणारे होते महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळांतील डॉ. रफीक झकेरिया. मधल्या काळांत १९६२ चें युद्ध होऊन गेलें होतें.

या सर्व प्रकरणांत ज्या दोघांचा वाद त्यांपैकीं एकहि त्या सभागृहांत बसलेला नव्हता. तिबेटला आसन नव्हतें, आणि पेकिंगच्या सरकारास तें १९७१ सालीं मिळालें. वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें ऐतिहासिक उत्तर हें असें आहे. आमच्या सभेंत मी एक फरक केला: तिबेटतर्फें एक अर्जदार बोलेल, परंतु त्यास मत असणार नाहीं. इतिहासांत असें घडलें नव्हतें, हेंहि मुलांस आधींच सांगितलें.

१९५९ च्या भारताचें आसन नववींतल्या एका मुलास मिळालें. पहिल्या आठवड्यांतच तो तक्रार घेऊन आला: "गुरुजी, मला दुसरा देश द्या. यांत बोलण्यासारखं कांहींच नाहीं. गप्प बसायचं आहे." मी त्यास षाड्गुण्य समजावून दिलें. संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव हे राजनीतीचे सहा गुण. त्यांत आसन म्हणजे बसून राहणें हीहि एक नीति आहे, आणि ती पत्करणारास तिचीं कारणें सांगतां आलीं पाहिजेत. मुलगा कामाला लागला. लांबच लांब सरहद्द, नवें राज्य, अपुरें सैन्य, पेकिंगलाच सभेंत घेतलें नसतां त्याच्याविषयीं ठराव करण्याची निरर्थकता, आणि ठरावानें तिबेटी लोकांची स्थिति अधिकच बिकट होईल ही भीति, अशी त्यानें मांडणी केली. तेवढ्यांत एल साल्वाडोरच्या आसनावरील मुलीनें विचारलें, "शेजाऱ्याच्या घरास आग लागली असतां आपण विचार करीत बसतां काय?" सभा स्तब्ध झाली. मुलगा उठला आणि म्हणाला, "आम्हीं मत दिलें नाहीं, हें खरें. पण आग लागलेल्या घरांतून जे धांवत आले त्यांच्यासाठीं दार आम्हींच उघडलें. आपण मत दिलें. आपल्या देशांत किती जण आले?" हें उत्तर पुरें नाहीं हें त्या दोघांनाहि कळत होतें, पण तें खोटेंहि नव्हतें.

सभेचा खरा लाभ मला येथें दिसतो. एकीकडे आसन आणि दुसरीकडे निर्वासितांस आश्रय, हीं दोन्ही एकाच राज्यानें एकाच वर्षीं आचरलीं. जामसाहेबांचेंच पाहा. महायुद्धाच्या काळांत घरदार गमावलेल्या शेंकडों पोलिश मुलांस त्यांनीं बालाचडी येथें आपल्या संस्थानांत आश्रय दिला होता. आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथेंहि १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. तेच जामसाहेब १९५० सालीं तिबेटचा प्रश्न तहकूब ठेवा असें सांगण्यास उभे राहिले, कारण तेथें ते नवानगरचे यजमान नव्हते, भारताचे दूत होते. माणसाचें मन एक आणि त्याला मिळालेलें आसन दुसरें, असें राजकारणांत नेहमींच घडतें. तें समजलेलें मूल पुढें कोणाहि मुत्सद्द्याची अकारण निंदा करणार नाहीं आणि अकारण स्तुतिहि करणार नाहीं.

मतदान झालें. ठराव संमत झाला. टाळ्या वाजल्या. मग मागच्या बांकावरील एका लहान मुलीनें विचारलें कीं, तीन ठराव होऊनहि ते लोक अजून प्रतापगडासच आहेत, तर ठरावाचा उपयोग काय? शिक्षकानें येथें गुळगुळीत उत्तर देऊं नये. मी सांगितलें तें असें: ठरावानें कोणालाहि घरीं पोंचविलें नाहीं. त्यानें एवढेंच केलें कीं, काय घडलें तें जगाच्या दप्तरांत नोंदलें गेलें. दप्तरांतील नोंद ही न्याय नव्हे. पण नोंदच नसेल तर न्याय मागावयाचा कशाच्या आधारावर?

ज्या शाळांना अशी सभा भरवावयाची असेल त्यांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही कीं, विषय दूरचा घेऊं नये. ज्याचा परिणाम मुलांस आपल्या डोळ्यांनीं पाहतां येईल असा घ्यावा. गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांस तर तो मोटारीच्या टप्प्यांत आहे. त्या भागांतील मुलांस रंगमंचाची भीति नसते. जवळच वडशास झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या आहेत, आणि दंडार व रात्र-रात्र चालणारीं नाटकें पाहत तीं वाढलेलीं असतात. दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. वर्गांत वसाहतीचें मूल असेल तर त्याला चीनचें आसन चिठ्ठी टाकून देऊं नये. परपक्ष मांडण्याची शिस्त मोठी खरी. परंतु आजोबांच्या दुःखाविरुद्ध बोलावयास लावणें हें शिक्षण नव्हे. तें मूल होऊन मागेल तर मात्र अवश्य द्यावें, आणि त्याचें म्हणणें सर्वांनीं उभें राहून ऐकावें.

वाचकांपैकीं कोणी नवेगांव-नागझिऱ्यास वाघ पाहण्यास जाणार असतील तर त्यांनीं मुलांसह एक दिवस प्रतापगडासाठीं राखून ठेवावा. डोंगरावर शंकराचें दर्शन घ्यावें, दर्ग्यावर जावें, आणि खालीं वसाहतींत एखाद्या वृद्धाजवळ घटकाभर बसावें. ४५, ९ आणि २६ हे आंकडे पुस्तकांत वाचले तर विसरतात. तेथें बसून वाचले तर विसरत नाहींत.