सांगण्याची रीत

‘याला कुणाचाच धाक राहिला नाही.’ माझ्याकडे येणारे आईवडील बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. कुणी सिडकोतून येतं, कुणी वाळूजजवळच्या बजाजनगरातून. मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा, असल्याचं कळलेलं असतं. त्याच्या जोडीला चिडचिड, उलट उत्तरं, सांगू त्याच्या नेमकं विरुद्ध वागणं, म्हणजे ओडीडीही असते. ही जोडी दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एडीएचडीच्या एका मोठ्या अभ्यासात ५७९ मुलं होती. त्यांतल्या सुमारे ४० टक्के मुलांना ओडीडीही होती. या मुलांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. ती मोठ्यांना जुमानत नाहीत, हे अर्धंच खरं. मोठ्यांचं सांगणं ज्या रीतीनं येतं, त्या रीतीलाही ती उत्तर देत असतात.

आमच्या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं. त्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘मोटर बंद कर, पाइप त्या ड्रममध्ये टाक, दार लोट, आणि आधी तो मोबाइल ठेव!’ एका दमात चार कामं. एडीएचडीच्या मुलाच्या डोक्यात पहिली तीन टिकतच नाहीत. चौथं तेवढं कानात राहतं आणि त्यावरूनच भांडण पेटतं. आईला वाटतं, चारही गोष्टी यानं मुद्दाम टाळल्या. खरं तर तीन निसटल्या आणि एक नाकारली. निसटलेल्याला मदत लागते, नाकारलेल्याला मोठ्यांचा ठामपणा. दोन्हींवर एकच ओरडा बसला, की विसरल्याबद्दलही आपल्याला बंडखोर ठरवतात, एवढंच मूल शिकतं.

संशोधक फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की मेंदूचं बाह्यपटल इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी जेवढं परिपक्व होतं, तेवढं एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षी होतं. नऊ वर्षांच्या मुलाकडे नऊ वर्षांचा संयम मागताना ही तीन वर्षं मी पालकांच्या कानावर घालते. औषधाचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. त्यासाठी मी घाटी रुग्णालयात किंवा पालकांच्या सोयीच्या डॉक्टरांकडे पाठवते. औषधानं लक्ष टिकायला मदत होते; पण घरातली बोलण्याची सवय औषधानं बदलत नाही.

ती सवय कशी जडते, हे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं कुटुंबांचं बारकाईनं निरीक्षण करून मांडलं. आई सांगते, मूल आरडाओरडा करतं, दमलेली आई सोडून देते. मूल शिकतं, ओरडलं की काम टळतं. दुसऱ्या दिवशी आई त्याहून मोठ्यानं ओरडते, मूल गप्प होतं. आईही तेच शिकते, ओरडलं की जमतं. दोघंही एकमेकांचा आवाज चढवत नेतात. शेवटी मार येतो. पण वडिलांच्या हाताचा धाक वडिलांबरोबरच सेकंड शिफ्टच्या कंपनीच्या बसमध्ये चढतो; घरात उरते ती आई आणि तेच मूल, आता जास्त चिडलेलं.

म्हणून माझ्या खोलीत जास्त सराव मोठ्यांचा असतो. खाली ठोकळे पसरलेले. आई म्हणते, ‘बाळा, आवरशील का रे हे?’ मूल म्हणतं, ‘नाही.’ प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. मग मी आईला त्याच्याजवळ खाली बसायला लावते. आधी नजर, मग एकच वाक्य: ‘लाल ठोकळे डब्यात टाक.’ आणि मग गप्प बसायचं. ही पाच-सात सेकंदं आयांना सर्वांत जड जातात. ओठांवर पुढचं वाक्य आलेलंच असतं. मूल तिरक्या नजरेनं बघतं, एक ठोकळा मुद्दाम जोरात आपटतं, दुसरा नीट टाकतं. आपटण्याकडे बघायचं नाही. ‘लगेच टाकलेस, छान,’ एवढंच. इथे हमखास शेपूट जोडलं जातं: ‘रोज असंच वागलास तर काय बिघडेल?’ या टोमण्यानं शाबासकी जागीच मरते.

शाळेत पेच वेगळा असतो. वर्गासमोर ‘उभा राहा’ म्हटलं, की अशा मुलाला सरांपेक्षा पन्नास-साठ मित्रांच्या नजरेत हरण्याची भीती जास्त. म्हणून मी शिक्षकांना सांगते, बाकाजवळ जा, हळू आवाजात सांगा, आणि पुढच्या बाकाकडे निघून जा. तो मिनिटभरानं वही उघडेल. ते मिनिट त्याच्या मानाचं असतं, ते त्याला द्यायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २००९ सालीच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. छडी गेली, पण चारचौघांत पाणउतारा अजून गेलेला नाही.

याचा अर्थ सगळं मुलाच्या मनासारखं करा, असा नाही. बहिणीवर हात उगारायचा नाही, याला घासाघीस नाही. पण असे नियम थोडे हवेत. आई, बाबा, आजी तिघांच्या तोंडी ते सारखे हवेत, आणि मोडल्यावरचा परिणाम लहान, पण लगेच आणि दर वेळी हवा. महिनाभर मोबाइल बंद, ही धमकी तिसऱ्या दिवशी विरते, हे मुलाला आपल्याआधी ठाऊक असतं.

आपलं बोलणं आधी बदलावं लागेल, हे ऐकून अनेक पालक दुखावतात. दोष आपल्यावर आला असं त्यांना वाटतं. मला त्यातच आशा दिसते. मुलाचा मेंदू कधी परिपक्व व्हावा, हे आपल्या हातात नाही. आपण तोंडातून काढलेलं वाक्य मात्र आहे, आणि मोठ्यांचा शब्द मूल अखेर त्यावरूनच जोखतं.